नाल्याकाठचं गवत

झाँसी छावनी,
५ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळ

ती. स्व. केशवमामांस,
अनुश्रीचा सा. न. वि. वि.

मामा, आज अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घ्या. आमच्या घरी सकाळी पाहुणी आली आहे. चार पायांची. नीलगायीचं पिल्लू, फार तर दोन-तीन दिवसांचं. नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला लोंबतोय. पाय एवढे लांब की बसताना ते कुठे ठेवायचे हेच तिला कळत नाही.

झालं असं. येत्या गुरुवारी जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन आहे, म्हणजे सगळ्या छावनीची हजामत चालू आहे. आमच्या बंगल्यामागे नाल्यापर्यंत कमरेएवढं गवत माजलं होतं, ते कापायला नाईक मधुसूदन आपली टोळी घेऊन आला. निम्मं गवत कापून होतं न होतं तोच आतून एक मोठी नीलगाय उठली आणि नाला ओलांडून पळाली. ती जिथून उठली तिथे ही बसलेली. मधुसूदननं पंधरा मिनिटं वाट पाहिली. आई काही परत आली नाही, मग बिचाऱ्यानं पिल्लू उचलून माझ्या ओटीत आणून दिलं. उरलेलं गवत मंगळवारी कापणार आहेत.

मी ईशानीची जुनी बाटली शोधून काढून गाईचं दूध पाजलं. आधी पीत नव्हती, मग माझं बोट चोखायला लागली आणि त्या नादात बाटलीही. मामा, ती बोट चोखते तेव्हा ते काढून घ्यावंसंच वाटत नाही. ईशानीनं नाव ठेवलंय खिरापत. उद्या आमच्याकडे भोंडला आहे ना, बबीन्याच्या छावनीतून सुद्धा मराठी बायका येणार आहेत. एरवी पाटावर हत्ती काढतो, तर ईशानीचं म्हणणं की यंदा पाटावर खिरापतीलाच बसवायचं. मला तर कल्पना फार आवडली. मागच्या अंगणात जुन्या साड्यांचा मांडवसुद्धा बांधून झालाय, लाल, पिवळा, मोरपंखी, नुसता झगमगाट.

निशांत म्हणाले की वनखात्याला कळवायला हवं. मी म्हटलं, आज शनिवार, सोमवारी बघू. खरं सांगू का, मला ती द्यायचीच नाहीये. आईनं नाही का तुमच्या मानिक चौकातल्या घरी हरणी वाढवली, आणि मोठी झाल्यावर ती आपण होऊन रानात निघून गेली? लहानपणी ती गोष्ट ऐकल्याशिवाय मी झोपत नसे. आता माझी पाळी.

जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही चौतीस वर्षं काढलीत, तेव्हा काय पाजायचं, किती वेळा, ते सविस्तर लिहा. फोन केला असता, पण तुम्ही फोनवर नुसतं हं हं करता आणि मागाहून मामी सांगतात की यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. म्हणून संतोष भैया चालवतो त्या शेवटच्या बसनं ही चिठ्ठी बरुआसागरला पाठवते आहे. उत्तर त्याच्याच हाती द्या.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहे म्हणूनच एवढी लाडात येते.

तुमची,
अनुश्री

—

बरुआसागर,
६ ऑक्टोबर, सकाळी आठ

चि. सौ. अनुश्रीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी पावली. चहा तसाच टाकून लिहायला बसलो आहे. रागावलो आहे, पण राग मागाहून. आधी काय करायचं ते वाच आणि लगेच कर.

दूध बंद. गाईचं दूध तिच्या पोटाला सोसत नाही, हगवण लागेल आणि एवढ्याशा जिवाला हगवण म्हणजे बिलकुल खेळ नाही. अंधाऱ्या, शांत खोलीत ठेव. खाली गोणपाट घाल. कोणी हात लावायचा नाही, कुरवाळायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. वनखात्याला आजच फोन, सोमवारची वाट पाहू नकोस. असं जनावर घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे आणि तुझा नवरा सरकारी वर्दीतला माणूस आहे.

आणि मुख्य म्हणजे, ती पोरकी नाही. नीलगाय पहिले काही आठवडे पिल्लाला गवतात दडवून ठेवते, आपण लांब चरते आणि दिवसातून काही वेळा येऊन पाजून जाते. तुमच्या मधुसूदननं पंधरा मिनिटं वाट पाहिली म्हणतेस. विळे घेतलेली माणसं उभी असताना ती पंधरा मिनिटांत येईल कशी? ती नाल्यापलीकडून बघत असेल. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लू टाकते हे खरं नाही. ती वासाला नाही, गडबडीला भिते. तेव्हा जिथून उचललं तिथेच ठेवून लांब व्हायचं.

भोंडल्याचं तर नावच काढू नकोस. पाटावर हत्तीच काढा. तो घाबरत नाही.

दहाच्या बसनं ही चिठ्ठी धाडतो. मामी म्हणते आहे की फार तिखट लिहू नका. हे कमी तिखट आहे.

तुझ्यावर जीव आहे म्हणून डोळे वटारतो, हे ध्यानात असू दे.

तुझा मामा,
केशव

—

झाँसी छावनी,
७ ऑक्टोबर, सकाळ

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, तुमची चिठ्ठी काल संध्याकाळी सहाला मिळाली. नवरात्रातल्या देवीच्या गर्दीत संतोष भैयाची बस वाटेतच अडकून पडली होती. तोवर भोंडला होऊन गेला होता.

लपवत नाही, सगळं लिहिते. चोवीस बायका आणि अकरा मुली. मधोमध पाट, पाटावर खिरापत, गळ्यात झेंडूची माळ. आम्ही फेर धरून गायला लागलो तेव्हा ती अगदी गप्प बसली होती. सगळ्या म्हणाल्या, बघा कशी शहाण्यासारखी ऐकतेय. तिसऱ्या गाण्याला माझ्या लक्षात आलं की ती ऐकत नव्हती. तिची कूस भात्यासारखी हलत होती, डोळे पांढरे दिसत होते. चौथ्या गाण्याला मान टाकली. मी तिला उचललं तर पाटावर पातळ हगवण. मामा, एवढं सगळं लाडानं केलं आणि त्यातनं हे निघालं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पाहुण्यांना खिरापत वाटायचंसुद्धा सुचलं नाही.

निशांतनी त्याच क्षणी वनखात्याला फोन लावला. तासाभरात कल्याणी नावाची वनरक्षक मोटरसायकलवरून आली, मागे जनावरांचे डॉक्टर. मुलगी पंचविशीची असेल पण आल्याआल्या तिनं सगळ्या बायकांना हात न लावता अंगणाबाहेर काढलं. डॉक्टरांनी सुई दिली, पाणी पाजलं, आता हगवण थांबली आहे. तिला मागच्या कोठीत अंधारात ठेवलंय. कल्याणी शब्दशः तुमच्यासारखंच बोलली. मी रडवेली होऊन विचारलं की आई मेली असेल तर, तेव्हा म्हणाली, "दीदी, इसकी माँ मरी नहीं है, डरी है।"

ती नाल्याकडे चक्करही मारून आली. चिखलात मोठ्या नीलगायीचे ताजे खूर आहेत. काठापर्यंत आलेत आणि परत फिरलेत. कारण उघड आहे. जिथे पिल्लू होतं तिथे आता बोटभर गवतही नाही. आडोसाच उरला नाही तर आई येणार कुठे आणि पिल्लू ठेवायचं कुठे? नाल्याच्या काठानं एक पट्टा तेवढा शिल्लक आहे आणि तोही उद्या कापायचा आहे.

कल्याणी म्हणते, आज दुपारी त्या पट्ट्यात ठेवून बघू. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत आई आली नाही तर कानपूरला प्राणिसंग्रहालयात पाठवायची, आणि मग ती आयुष्यभर तिथेच.

आता माझ्यावर पुन्हा रागवा. मला वाटतं, कानपूरला पिंजऱ्यात जाण्यापेक्षा माझ्याकडे का नको? परवानगी काढू. डॉक्टर सांगतील तेच पाजू. आईच्या हरणीसारखी वाढेल, आणि मोठी झाली की नाला ओलांडून जाईल आपली. आईच्या हातून झालं ते माझ्या हातून का होऊ नये? लवकर लिहा. पहिल्याच बसनं चिठ्ठी पाठवते आहे.

रागवा, पण लिहायचं थांबू नका, एवढंच मागणं.

अनुश्री

—

बरुआसागर,
७ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ

चि. अनुश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तू चूक लपवली नाहीस, म्हणून मीही एक लपवलेली गोष्ट लिहितो.

तुझ्या आईची हरणी रानात गेली नाही.

मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. कोणीतरी शेतात सापडलेलं चिंकाऱ्याचं पिल्लू दवाखान्यात आणलं, ते मीच मोठ्या ऐटीत घरी आणलं. त्यालाही आई असणार, हे माझ्या मनातही आलं नाही. बकुळेनं, तुझ्या आईनं, त्याला जीव लावला. आमच्या मोती कुत्र्याला टेकून हरणी झोपायची, चौकातल्या हलवायाकडून जिलबी मागून खायची. बकुळेचं लग्न होऊन ती साताऱ्याला गेली, आणि दोन महिन्यांनी मी हरणीला ओरछ्याकडच्या जंगलात सोडून आलो. मला वाटलं, फार पुण्याचं काम केलं.

चौथ्या दिवशी ती चालत सडकेवर आली. माणसं दिसली म्हणून आली. तिथे कुत्र्यांची टोळी होती. ती पळाली नाही, अनुश्री. ती त्यांच्याकडे गेली. कुत्रं म्हणजे आपलंच माणूस, असंच तिला आम्ही शिकवलं होतं. एका पुरीवाल्यानं तिच्या गळ्यातलं घुंगरू ओळखून निरोप धाडला. मी पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

बकुळेला मी पत्रात लिहिलं की हरणी एका कळपाबरोबर निघून गेली, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. नव्या घरात ती तशीच रडत होती, खरं लिहायची माझी हिंमत झाली नाही. पुढे तिनं ते तुला सांगितलं आणि तू ते उराशी धरून बसलीस.

म्हणून सांगतो, प्रेमानं वाढवलेलं रानातलं जनावर ना घरचं राहतं ना रानाचं. तुझ्याजवळ दीड दिवस आहे. मला तेवढाही नव्हता, कारण मला ठाऊकच नव्हतं. तो गवताचा पट्टा वाचव. कर्नल असो की जनरल, त्याच्यापुढे जाऊन उभी राहा. एरवी दुकानदारापुढे तुझी जीभ किती चालते ते मी मानिक चौकात पाहिलं आहे.

मामीला हे आजच सांगितलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

तुझा,
मामा

—

झाँसी छावनी,
८ ऑक्टोबर, सकाळी दहा, गच्चीवरून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी बाराला मिळालं. दोनदा वाचलं. रडायला वेळ नव्हता, म्हणून चपला घातल्या आणि निघाले.

निशांत म्हणाले, सी.ओ. साहेबांकडे तू जाऊ नकोस, ते माझे कमांडिंग ऑफिसर, माझी नोकरी आहे. मी म्हटलं, साहेबांकडे नाही, पूर्णिमा मॅडमकडे जाते. साहेबांची बायको. परवा आमच्या भोंडल्यात सगळ्यांत मोठ्यानं गाणाऱ्या त्याच होत्या. त्यांना घडलेलं सगळं सांगितलं, हरणीचंही सांगितलं, माफ करा. त्या उठल्या, ऑफिसात फोन लावला, आणि साहेब जेवायला येईपर्यंत आम्ही दोघी दारात उभ्या. साहेब म्हणाले की सव्वीस वर्षांच्या नोकरीत इन्स्पेक्शनच्या दिवशी काडेपेटीपेक्षा उंच गवत त्यांनी पाहिलेलं नाही. जनरल साहेब विचारतील की हा गबाळेपणा कुणाचा, तर काय सांगायचं?

आणि इथे आपला मधुसूदन कामी आला. तो साहेबांची फाइल घेऊन तिथेच उभा होता. अदबीनं म्हणाला, साहेब, चुन्यात रंगवलेल्या विटा लावल्या की फौजेत कुठलीही गोष्ट मुद्दाम केलेली दिसते. साहेबांनी त्याच्या हातातली फाइल घेतली. मग हसले.

मामा, तीन वाजता तुम्ही इथे असायला हवे होतात. गवताच्या पट्ट्याभोवती एक वीट गेरूची, एक चुन्याची, अशी ओळ लागली. मध्ये लाल पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, वन्यजीव क्षेत्र, कृपया शांत रहें. इतकं दिमाखदार गवत अख्ख्या छावनीत दुसरं नाही.

चार वाजता कल्याणीनं खिरापतीला आत ठेवलं. गवतात टेकवल्याबरोबर तिनं मान जमिनीला चिकटवली आणि दिसेनाशी झाली. आपण होऊन, कुणी न शिकवता.

आणि आता वाईट ते. आई अजून आलेली नाही. काल अंधार पडेपर्यंत मी, कल्याणी आणि ईशानी गच्चीवरून निशांतच्या दुर्बिणीतून पाहत होतो. साडेपाचला ती नाल्यापलीकडे दिसली. खरंच दिसली मामा, केवढी मोठी. चार पावलं पुढे आली, मान वर केली, आणि दचकून उलटी पळाली. आज सकाळी सहाला पुन्हा तेच. आम्ही हललोसुद्धा नव्हतो, वाराच काय तो होता. कल्याणीलाही कोडं पडलंय. रात्री ती पाजून गेली असेल असं मी धरून बसले होते, पण सकाळी डॉक्टर लांबून बघून म्हणाले की पोट खपाटीला आहे.

इथून सगळं दिसतं, नाला, विटा, पाटी, अंगणात आमचा मांडव फडफडतोय, गवत हलतंय. फक्त ती येत नाही. पाच वाजता कानपूरची गाडी येणार. मी काय करू?

लोभाचं लिहायला आज सुचत नाही, तुम्ही समजून घ्याल.

अनुश्री

—

बरुआसागर,
८ ऑक्टोबर, दुपारी पाऊण

चि. अनु,
आशीर्वाद.

मांडव उतरव. अगं, आत्ता, चिठ्ठी हातातली खाली ठेवायच्या आधी.

माझ्या आल्याच्या शेताभोवती चारी बाजूंनी काय बांधलं आहे, आठवतं का? मामीच्या जुन्या साड्या. का बांधल्या? नीलगायी येऊ नयेत म्हणून. इथला एकेक शेतकरी हेच करतो. वाऱ्यावर साडी फडफडली की नीलगाय पाऊल पुढे टाकत नाही. आणि तू तिच्या पिल्लासमोर लाल, पिवळ्या, मोरपंखी साड्यांचा मांडव घालून बसलीस, आणि मी शहाणा चौतीस वर्षांचा अनुभव सांगणारा, तुझ्या पहिल्याच चिठ्ठीत ते वाचूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. जन्मभर नीलगायी हाकलल्या, बोलावल्या कधी नाहीत, म्हणून असेल.

साड्या काढा, दोरीवरचे कपडेही काढा, गच्चीवरून सगळे खाली उतरा. खिडकीच्या फटीतून बघा. कल्याणीला सांग, गाडीला पाचऐवजी सातला बोलव, आणि ती लांब उभी राहू दे.

बकुळेला मी आज पत्र लिहून टाकलं. सगळं खरं लिहिलं.

संतोषला सांगितलं आहे की आज वाटेत थांबून सवारी घेऊ नकोस. तो हो म्हणाला, हीच नवलाची गोष्ट.

मामा

—

झाँसी छावनी,
१० ऑक्टोबर, दुपार

ती. स्व. मामा आणि सौ. मामींस,
अनुश्री, निशांत आणि ईशानी यांचा शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी संतोष भैयानं बस थेट छावनीच्या फाटकाशी आणून उभी केली, पावणेदोनला. मी चिठ्ठी उभ्याउभ्या वाचली आणि पळत सुटले. पूर्णिमा मॅडम, मी, मधुसूदन, ईशानी, आम्ही दहा मिनिटांत मांडव उतरवला. गाठी सुटेनात तेव्हा मॅडमनी मांडवाला दिलेली स्वतःची मोरपंखी साडी विळ्यानं कापली. मग सगळे न्हाणीघराच्या खिडकीशी, एकावर एक डोकी.

चार वाजले, साडेचार वाजले. पाच वाजता कानपूरची गाडी आली, कल्याणीनं ती फाटकाबाहेरच थोपवली. पाच वाजून वीस मिनिटांनी ती नाल्यापलीकडे आली. थांबली. कान हलवले. मग ती पाण्यात उतरली, या काठावर चढली, आणि चुन्याच्या विटांची ओळ ओलांडून सरळ आत गेली, जणू तिच्यासाठीच वाट आखून ठेवली होती. गवतातनं एक छोटं डोकं वर आलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं. शेपटी एवढी जोरात हलत होती की इथून दिसत होती. ईशानीनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. कल्याणी, जी दोन दिवस आमच्याशी हवालदारासारखी वागत होती, ती खाली बसून ओढणीत तोंड लपवून रडत होती. गाडी रिकामी परत गेली.

आज इन्स्पेक्शन झालं. जनरल साहेब पाटीपाशी थांबले तेव्हा निशांतचा चेहरा मी लांबूनही वाचू शकत होते. सी.ओ. साहेबांनी काही सांगितलं. जनरल साहेबांनी दुर्बीण मागितली, बराच वेळ गवताकडे पाहिलं आणि पुढे गेले. जाताना म्हणाले म्हणे की पाटी छान आहे, पण अक्षरं अजून थोडी मोठी काढा. मधुसूदन तेव्हापासून हवेत चालतोय.

आता शेवटचं सांगते, कारण ते तुम्हालाच सांगायचंय. आज पहाटे मी एकटी कुंपणाच्या भिंतीशी गेले होते. लांबच उभी होते, तुम्ही सांगितलं होतं तेवढी लांब. आई नाल्यापाशी चरत होती आणि पिल्लू तिच्या मागे, आता पाय सरळ टाकतं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मामा, माझं बोट चोखून दूध पिणारं पिल्लू ते. मला वाटलं, ओळखेल. माझा हात आपोआप वर आला.

तिचे कान ताठ झाले. एक क्षण नुसती बघत राहिली, आणि मग अशी धूम पळाली की आईसुद्धा दचकली. नाल्यातून पाणी उडवत पार, पलीकडच्या झाडीत नाहीशी. एकदाही मागे पाहिलं नाही.

मी भिंतीला धरून रडले, आणि हसलेही. घरी येऊन ईशानीला उठवलं आणि सांगितलं की खिरापत आपल्याला घाबरून पळाली. पोरीनं डोळे चोळले. मग विचारलं, "खूप घाबरली?" मी म्हटलं, खूप. तेव्हा ती अंथरुणावरून उडी मारून उठली आणि अंगणभर टाळ्या वाजवत नाचली.

तुमच्या रागासकट तुमचा लोभ आम्हाला असाच मिळत राहो.

तुमची,
अनुश्री